ओला कचरा, सुका कचरा आणि जातीचा हात

20 मार्च 1927 रोजी विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते महाड ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील पेण आणि रोहा या छोट्या नगरपालिकांच्या कचऱ्याचा विचार आज करायचा आहे. कचऱ्याचा आणि चळवळीचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे आणि तो सरळ आहे.

पेण भोगावतीच्या काठी, रोहा कुंडलिकेच्या काठी. अशा गावांच्या कचऱ्यात भाजीची देठे, उरलेला भात, मासळीची खवले, निर्माल्य असा कुजणारा मालच मोठा असतो. त्याचे खत करायला कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. ओल्यात वाळका पाला, पेंढा मिसळायचा, ढीग ओलसर ठेवायचा आणि ठरावीक दिवसांनी वरखाली करून आत हवा खेळवायची. ढीग आतून 55 ते 60 अंश तापतो, रोगजंतू आणि तणाचे बी मरते. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. कोकणच्या पावसात वर छप्पर मात्र हवेच. नाहीतर ढिगाचे काळे पाणी नदीत जायचे. खताला गिऱ्हाईक शोधायलाही लांब जायला नको, भातशेती वेशीवरच आहे.

मग घोडे अडते कुठे? घरातल्या बादलीत! शिळ्या भाजीत फुटलेली काच, ब्लेड, औषधाची सुई आणि वापरलेले पॅड एकत्र टाकले, की ते वेगळे करायला कुणाचा तरी हात त्यात जातो. तो हात कुणाचा असतो, हे या देशात सांगावे लागत नाही. जातिव्यवस्थेने घाण करण्याचा हक्क एकाला आणि ती उचलण्याचे कर्तव्य दुसऱ्याला दिले. घरात कचरा वेगळा न करणारा सुशिक्षित माणूस नकळत तीच मनुस्मृती पाळत असतो.

कायद्याची उणीव नव्हती. घनकचऱ्याचे नियम 2000 साली आले, पुन्हा 2016 साली आले. 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याची सक्ती केली. कामगारांना हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट देण्याची जबाबदारी पालिकेवर टाकली. पण ठेका दिला की जबाबदारी संपली, असे समजण्याची खोड आपल्या पालिकांना जडली आहे. बाबासाहेबांनी 1935 साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला, तो याच माणसांच्या हक्कासाठी.

म्हणून पेण-रोह्याच्या कार्यकर्त्यांनी चार मागण्या लावून धराव्यात. वेगळा न केलेला कचरा उचलू नये आणि दंड घरमालकाला व्हावा, कामगाराला नव्हे. खताच्या शेडवरील कामगार कायम असावा, निदान किमान वेतन तरी त्याच्या हातात पूर्ण पडावे. खतविक्रीच्या उत्पन्नात त्याचा वाटा असावा. आणि या कामाच्या भरतीत जात पाहिली जाऊ नये. खत करणे हे कौशल्य आहे, वतन नव्हे.

आपल्या वस्त्यांनीही आधी आपल्या घरात दोन बादल्या ठेवाव्यात. महाडला पाण्याचा विटाळ मोडला. कचऱ्याचा विटाळ अजून मोडायचा आहे.

जय भीम!