घाट चढण्याचा हिशोब

वयाची चाळिशी ओलांडलेल्या व्यापाऱ्याच्या दिनक्रमात पायांना फारसे काम उरत नाही. सकाळी दुकान उघडले की रात्री आठपर्यंत गादी, गल्ला, फोन आणि ग्राहक एवढेच त्याचे विश्व. बैठे काम, अवेळी जेवण आणि उधारीची चिंता यांच्या संगतीने रक्तदाब व मधुमेह घरात कधी शिरतात, हे कळतही नाही. अलीकडे आपल्या परिचितांपैकी काहीजण भल्या पहाटे हेल्मेट चढवून सायकलवर निघालेले दिसतात, त्यामागे बहुधा डॉक्टरांची अशीच एखादी ताकीद असते. मात्र रोजच्या फेरीचा उत्साह महिना-दोन महिन्यांत ओसरतो. समोर एक निश्चित तारीख आणि एक निश्चित अंतर असले, तर तोच उत्साह टिकतो. अशा ध्येयासाठी दोनशे किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ उत्तम. तिची तयारी कशी करावी, विशेषतः घाटाची, याचा येथे विचार करू.

ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेले अंतर ठरलेल्या कमाल वेळेत, स्वतःच्या बळावर पूर्ण करायचे, एवढीच तिची अट. पहिला आला कोण, याची नोंद होत नाही. दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तीनशेसाठी वीस, चारशेसाठी सत्तावीस आणि सहाशेसाठी चाळीस तास मिळतात. एका मोसमात ही चारही अंतरे पार करणाऱ्यास ‘सुपर रँडोनियर’ म्हणतात. वाटेत ठरावीक ठाणी असतात आणि तेथे पोहोचल्याची नोंद आपल्या कार्डावर करून घ्यावी लागते. ठाण्यांव्यतिरिक्त मागून स्वतःची मोटार आणून मदत घेणे नियमबाह्य आहे. पंक्चर झाले तर ते आपणच काढायचे.

या परंपरेचे मूळ फ्रान्समध्ये आहे. १८९१ साली एका वृत्तपत्राचा संपादक पिएर जिफार याने पॅरिसहून पश्चिम किनाऱ्यावरील ब्रेस्टला जाऊन परत येण्याची, सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत भरवली. शार्ल तेराँ हा सायकलपटू बहात्तर तासांच्या आत परतून विजयी ठरला. पुढे शर्यतीचे रूप गेले आणि आज ‘पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस’ दर चार वर्षांनी हौशी सायकलस्वारांसाठी होते. कमाल मुदत नव्वद तास. ब्रिटनी प्रांतातील त्या वाटेवर उत्तुंग पर्वत एकही नाही, पण लहान-लहान चढ-उतारांची रांग संपतच नाही आणि एकूण चढाई दहा हजार मीटरांच्या वर जाते. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी भारतातूनही अनेक सायकलस्वार तेथे गेले होते. आपल्याकडील ब्रेव्हे ‘ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स’ या संस्थेच्या छत्राखाली होतात. महाराष्ट्राचे नाव तर याहूनही कठीण मोहिमांत झळकले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. हे तिघेही पेशाने डॉक्टर, म्हणजे दिवसाचे काम सांभाळून सराव करणारे.

शंभर किलोमीटर अंतरावरचे पठार

उदाहरणादाखल पुण्याहून पाचगणी आणि परत, ही वाट घेऊ. जाण्या-येण्याचे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर भरते. कात्रजचा पहिला चढ, पुढे खेड शिवापूर, शिरवळजवळ नीरा नदी, खंडाळ्यानंतर खंबाटकी घाट, सुरूर फाट्यावरून वाई आणि कृष्णाकाठचा ढोल्या गणपती मागे टाकला की पसरणीचा घाट सुरू होतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आणि पाचगणी जवळजवळ तेराशे मीटरवर. साधारण अकरा-बारा किलोमीटरच्या वळणवाटेत पावणेसहाशे मीटर उंची गाठायची. उताराकडे नजर टाकली, तर धोमचे पाणी खाली चमकताना दिसते.

आता हिशोब मांडू. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर म्हणजे ताशी सरासरी पंधरा किलोमीटरसुद्धा लागत नाहीत. विसाव्यासाठी दोन तास बाजूला काढले, तरी चालत्या सायकलीचा वेग ताशी साडेसतरा किलोमीटर पुरतो. सपाटीवर हा वेग नवख्यालाही अवघड नाही. म्हणजे वेळ पुरेशी आहे. अपुरी पडते ती शक्ती, आणि तीही बहुतेकदा घाटातच.

समजा, स्वार व सायकल मिळून वजन नव्वद किलो आहे. पसरणीचा घाट एका तासात चढायचा, तर पायांना सतत सुमारे दीडशे वॅट शक्ती द्यावी लागते. तोच घाट सव्वा तासात चढला, तर सुमारे एकशेवीस वॅट पुरतात. फरक केवळ पंधरा मिनिटांचा आणि तीस वॅटचा दिसतो. परंतु मध्यम सराव झालेल्या माणसाला एकशेवीसचा भार तासन्‌तास वाहता येतो. दीडशेचा भार त्याला तासाभराने जाणवू लागतो आणि त्याची किंमत परतीच्या शंभर किलोमीटरांत, कात्रजच्या शेवटच्या चढावर मोजावी लागते. सकाळच्या हुशारीत दुसऱ्याच्या चाकामागे धावून वाचवलेली पंधरा मिनिटे संध्याकाळी दीड तास घेऊन जातात. व्याजाने घेतलेल्या रकमेचा हा व्यवहार आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणून घाटाच्या तयारीचा पहिला धडा हळू चढण्याचा आहे. चढताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले, तर वेग जास्त झाला असे समजावे. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

दुसरा धडा गिअरचा. पुढे ३४ दात्यांचे आणि मागे ३२ दात्यांचे चक्र असेल, तर ताशी नऊ किलोमीटर वेगातही पाय मिनिटाला सुमारे सदुसष्ट फेऱ्या मारतात. मागचे चक्र २५ दात्यांचे असेल, तर त्याच वेगाला फेऱ्या बावन्नवर येतात आणि प्रत्येक फेरीचा जोर गुडघ्यावर पडतो. सायकल विकत घेताना रंग आणि वजनाची चर्चा पुष्कळ होते. या दात्यांची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. चाळिशीपुढील गुडघ्यांसाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. सीटची उंचीही तपासावी. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात योग्य तेवढा वाक राहतो.

बारा आठवड्यांची वही

व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीपर्यंत धावपळीचे असते. वहीपूजन झाले, कार्तिकी पौर्णिमा उलटली, हवेत गारवा आला की सरावाला आरंभ करावा. लग्नसराईमुळे ज्यांची पेढी रात्री उशिरापर्यंत चालते, त्यांनी पहाटेची वेळ राखून ठेवावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी प्रथम डॉक्टरांकडून हृदयाची व रक्तदाबाची तपासणी करून घ्यावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी दीर्घ श्रमाच्या दिवशी मात्रेत बदल करावा का, हे डॉक्टरांनाच विचारावे.

आठवड्यातून तीन दिवस पहाटे एक तास सायकल चालवावी. त्यांपैकी एक दिवस चढाचा ठेवावा. पुणेकरांना बोपदेव, दिवे घाट व कात्रज आहेत, कोल्हापूरकरांना जोतिबा व पन्हाळा. सोलापूर-लातूरच्या सपाटीवर समोरून येणारा वारा हाच घाट मानावा. तोही तितकाच चिवटपणा शिकवतो. रविवारी लांब फेरी असावी. पहिल्या चार रविवारी अनुक्रमे ४०, ५०, ६० आणि ४५ किलोमीटर. पुढील चार रविवारी ७०, ८५, १०० आणि ६५. त्यानंतर ११५, १३० आणि ८०. बाराव्या आठवड्यात दोन-तीन हलक्या फेऱ्या आणि शेवटी ब्रेव्हे.

दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी केलेले दिसते, ते आळसापोटी नाही. श्रमाने स्नायू थकतात आणि विश्रांतीत ते बळकट होतात. नेमके हेच पाळणे कर्तबगार माणसाला जड जाते. सराव चुकला म्हणून पुढच्या रविवारी दुप्पट अंतर कापू पाहणारा बहुधा गुडघेदुखी घेऊन परततो. चुकलेला दिवस चुकला असे समजून पुढचे पान उलटावे.

शिदोरी आणि सूर्यास्त

शरीरात साठवलेली शर्करा अशा श्रमात काही तासच पुरते. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला चाळीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यातून सुमारे पंचवीस ग्रॅम मिळतात. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, सुके अंजीर, खाकरा ही आपल्या घरचीच शिदोरी या कामी उत्तम ठरते. घाटात मात्र तूप-तेलाचे जड पदार्थ टाळावेत. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते आणि त्यात चिमूटभर मीठ व थोडी साखर असावी. नुसतेच पाणी भरमसाट पिणेही घातक ठरते, कारण त्याने रक्तातील क्षारांचे प्रमाण घटते.

ज्या घरांत नवकारसी व चौविहार पाळले जातात, तेथे एक प्रश्न हमखास निघतो. फेब्रुवारीच्या आरंभी पुण्यात सूर्योदय सातच्या किंचित पुढे आणि सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. ब्रेव्हे सकाळी सहाला सुरू झाली, तर नवकारसीची वेळ आठच्या जरा आधी येते. पहिले पावणेदोन तास सावकाश सायकल चालवली, तर आदल्या दिवशीच्या जेवणावर ते निभावतात. सूर्यास्तापूर्वी परत यायचे, तर साडेबारा तास हाती उरतात, म्हणजे विसाव्यासह ताशी सोळा किलोमीटर. सराव झालेल्या माणसाला हे साध्य आहे. पण सूर्यास्तानंतर पाण्याविना सायकल हाकत राहणे आरोग्याला धोक्याचे आहे, म्हणून नियम पाळणाऱ्याने हा हिशोब घरूनच करून निघावे. तीनशे किलोमीटरपासून पुढे रात्र टळत नाही. नियम मोडायचा नसेल, तर दोनशेवर समाधान मानावे. दरवर्षी दोनशेची एक ब्रेव्हे नेमाने पूर्ण करणारा कोणापेक्षाही उणा नाही.

घरच्यांची काळजी

महामार्गावरचे ट्रक आठवून घरातील वडीलधारी मंडळी विरोध करतात, तो अनाठायी नसतो. त्यांची समजूत शब्दांपेक्षा तयारीने घालावी. हेल्मेट, चकाकणारी जाकीट, पुढे पांढरा व मागे लाल दिवा यांत तडजोड नको. हिवाळ्यात निघताना अंधार असतो आणि बोगद्यात भरदिवसा दिवे लागतात. कडेची पट्टी सोडू नये, कानात गाणी नकोत, फोनवरून आपले स्थान घरी दिसत राहावे. दोन जादा ट्यूब, हवेचा पंप आणि टायर काढण्याची पट्टी जवळ असावी. नुसती असून भागत नाही, ती घरी दोनदा वापरून पाहिलेली असावी.

उतारावर चढापेक्षा अधिक सावध राहावे. पसरणीच्या वळणांवर पर्यटकांच्या मोटारी असतात, रस्त्यावर वाळू असते, कठड्यावरून माकडे अचानक उतरतात. ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणापूर्वी वेग कमी करावा आणि वळणात ब्रेक सोडावा.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वीच ठरवावी: कोणत्या ठाण्यावर किती वाजेपर्यंत पोहोचलो नाही, तर परत फिरायचे. ठरलेल्या वेळेनंतर वाईतच थांबलो, तर गमावले जाते एक कार्ड. थकलेल्या शरीराने घाट चढून अंधारात तो उतरायचा, तर पणाला बरेच काही लागते. चालू सौद्यातून वेळीच अंग काढून घेणारा व्यापारी भित्रा ठरत नाही. पुढच्या मोसमात घाट तेथेच असतो आणि वाटही तीच.

सराव नियमित झाला, तर बारा आठवड्यांनी कंबरेचा पट्टा एक घर आत जातो आणि रात्रीची झोप गाढ होते. मुलगा किंवा सून दोन-चार रविवारी सोबत आली, तर दुकानात जे बोलणे होत नाही, ते चढावर सावकाश चालताना होते. सुरुवातीला फार काही लागत नाही. तपासणी करून घ्यावी, सीटची उंची नीट करावी, आणि येत्या रविवारी पहाटे चाळीस किलोमीटर जाऊन दुकान उघडण्याच्या वेळेपूर्वी परत यावे.