पोर्शे 944 टर्बो : बेल्ट दोन, जोखीम वेगवेगळी

गाडी : 1985 मध्ये दाखल, उत्पादन 1991 पर्यंत. बांधणी जर्मनीत, नेकार्सुल्मच्या आउडी कारखान्यात. चार सिलिंडर, 2,479 सीसी, 220 अश्वशक्ती. 1988 च्या टर्बो एसमध्ये 250.

टायमिंग बेल्ट : क्रँकशाफ्टची गती दात्यांच्या रबरी पट्ट्याने कॅमशाफ्टला देतो. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. चालत्या इंजिनात हा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

बॅलन्स शाफ्टचा बेल्ट : थरथर शमवणाऱ्या दोन शाफ्टांसाठी. हे शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात. बेल्ट एक दाता चुकला तरी इंजिन चालते, पण हादरे देते. मात्र तुटलेल्या बेल्टचे तुकडे शेजारच्या टायमिंग बेल्टमध्ये अडकू शकतात.

बदलताना :
• किलोमीटर कमी असले तरी वय मोजायचे. रबर उभ्या गाडीतही कडक होते. वर्षानुवर्षे बंद असलेली गाडी सुरू करण्याआधीच बेल्ट नवे.
• वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. म्हणून तो, रोलर आणि पुढची ऑइल सील एकाच खोलाखोलीत उरकतात.
• ताण जास्त झाला की बेल्ट शिट्टीसारखा आवाज करतो, सैल राहिला की दाते घसरतात. नंतरच्या इंजिनांत टायमिंग बेल्टला स्प्रिंगचा टेन्शनर आला. तोही ताण बसवून नटाने घट्ट करावा लागतो, आपोआप जुळवत राहत नाही.

टर्बो : पाण्याने थंड होणारा. इंजिन बंद केल्यावरही छोटा विजेचा पंप काही वेळ त्यात पाणी फिरवतो. जुन्या गाडीत हा पंप अनेकदा मुका झालेला आढळतो.