नेट बंद, वही उघडी

सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आलेली एसटी स्वारगेटला लागली की उतरणाऱ्यांत एक चेहरा हमखास दिसतो. पाठीवर सॅक, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मोबाईल. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला पुण्यात आलेला मुलगा किंवा मुलगी. इथून रिक्षा किंवा पीएमपी पकडून सदाशिव पेठ, नवी पेठ गाठायची, कॉट बेसिसवर जागा घ्यायची आणि अभ्यासिकेत टेबल मिळवायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. बदलली आहे ती परीक्षा.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. हा बदल लगेच नको, म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये पुण्यातच विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. त्यानंतर तो 2025 पर्यंत पुढे गेला. पूर्वी बहुतेक पेपरांत चार पर्यायांपैकी एक निवडायचा असे. आता नऊ पेपर, प्रत्येकाला तीन तास आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या हाताने लिहायचे. ज्या हाताला गेली अनेक वर्षे स्क्रीन वर सरकवायची सवय लागली, त्याच हाताने तीन तास सलग लिहायचे आहे.

यातली अडचण फक्त हात दुखण्याची नाही. प्रश्न आहे तो सलग विचार करण्याचा.

लिहिताना मेंदूत काय चालते?

एक साधे उत्तर लिहिताना मेंदू एकाच वेळी बरीच कामे करत असतो. पुढचा मुद्दा ठरवायचा, त्यासाठी शब्द शोधायचे, वाक्य जुळवायचे, आधी लिहिलेल्याशी ते सुसंगत आहे का ते पाहायचे आणि वेळेवरही लक्ष ठेवायचे. हे सगळे मेंदूतल्या तात्पुरत्या स्मृतीच्या भरवशावर चालते. या स्मृतीला इंग्रजीतून आलेल्या शब्दात ‘वर्किंग मेमरी’ म्हणतात. तिची जागा फार थोडी असते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी 2001 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार साधारण चार गोष्टी तिच्यात एका वेळी मावतात. पाचवी आली की आधीची एखादी निसटते.

मोबाईलवरचा मेसेज ही ती पाचवी गोष्ट. तो वाचायला पाच सेकंद लागतात. पण मोबाईल खाली ठेवल्यावरही मनाचा एक भाग तिथेच रेंगाळतो. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना पहिल्याचा अंश लक्षात मागे उरतो, हे सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये प्रयोगांतून दाखवले. लिहिणाऱ्याला याचा अनुभव असतोच. वाक्य अर्धे सुचलेले असते, मोबाईल वाजतो आणि परत वहीकडे वळल्यावर उरलेले अर्धे काही केल्या आठवत नाही.

मग स्वारगेटसारख्या ठिकाणी राहणाऱ्याने काय करावे? इथे हॉर्न, एसटीच्या घोषणा, ‘कात्रज, कात्रज’ अशा आरोळ्या दिवसभर चालू असतात. पण एकसुरी गोंगाटाची मेंदूला बरीचशी सवय होते. सवय होत नाही ती खास आपल्यासाठी आलेल्या हाकेची. नेव्हिल मोरे यांनी 1959 मध्ये एक प्रयोग केला. सहभागी व्यक्तींनी एका कानातल्या मजकुरावर लक्ष द्यायचे आणि दुसऱ्या कानातला सोडून द्यायचा, असे ठरले होते. त्या सोडून दिलेल्या मजकुरातले बाकी काही त्यांच्या लक्षात राहिले नाही. पण स्वतःचे नाव आले तेव्हा ते काहींना ऐकू आले. मोबाईलचा टोन हा असाच आपल्या नावाने मारलेल्या हाकेसारखा असतो. रस्ता सगळ्यांसाठी वाजतो, मोबाईल फक्त आपल्यासाठी.

तो वाजलाच पाहिजे असेही नाही. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींचे मोबाईल टेबलावर, काहींचे खिशात किंवा पिशवीत, तर काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवले होते. सगळे आवाज बंद होते. ज्यांचे मोबाईल दुसऱ्या खोलीत होते, त्यांनी आकलनाच्या चाचण्या टेबलावर मोबाईल असलेल्यांपेक्षा चांगल्या सोडवल्या. पुढच्या काही अभ्यासांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, त्यामुळे त्यावर अंतिम शिक्का मारता येत नाही. पण मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायला खर्च काहीच येत नाही.

दोन आठवड्यांचा प्रयोग

इंटरनेटपासून खरोखर सुटी घेतली तर काय होते, याचे एक चांगले उत्तर फेब्रुवारी 2025 मध्ये ‘पीएनएएस नेक्सस’ या नियतकालिकात आले. 467 जणांनी दोन आठवडे मोबाईलवरचे इंटरनेट बंद ठेवायचे होते. फोन आणि साधे मेसेज चालू होते, संगणकावर इंटरनेट वापरायलाही मुभा होती. मोबाईलचा रोजचा वापर सरासरी 314 मिनिटांवरून 161 मिनिटांवर आला. मानसिक आरोग्य, समाधान आणि लक्ष टिकवण्याची क्षमता या तीनपैकी किमान एका बाबतीत 91 टक्के सहभागींमध्ये सुधारणा दिसली. लक्ष टिकवण्याच्या क्षमतेतली वाढ तर वय दहा वर्षांनी कमी झाल्यासारखी होती.

याच अभ्यासातली दुसरी बाजूही पाहायला हवी. स्वतःहून तयार झालेल्या या मंडळींपैकी जेमतेम चौथ्या भागालाच नियम बहुतांश दिवस पाळता आला. म्हणजे मोह आवरत नाही ही एकट्यादुकट्याची कमजोरी नव्हे. बहुतेकांचे तसेच होते. केवळ निर्धारावर भिस्त ठेवली की तो पहिल्या कंटाळ्याला मोडतो. त्याला बाहेरून आधार लागतो.

दहा दिवस आणि दीड तास

असा आधार कसा असतो, याचे एक टोक स्वारगेटजवळच पाहायला मिळते. नेहरू स्टेडियमसमोरच्या दादावाडी परिसरात ‘धम्मपुण्ण’ हे विपश्यनेचे केंद्र आहे. सत्यनारायण गोएंका यांनी 1969 मध्ये म्यानमारमधून भारतात आणलेल्या या परंपरेत दहा दिवसांच्या शिबिराचे नियम सगळीकडे सारखे असतात. पहाटे चारला उठायचे, मौन पाळायचे आणि मोबाईल आल्या आल्या जमा करायचा. मात्र वही, पेन आणि पुस्तकेही सोबत ठेवता येत नाहीत. लिहायला वेळ मिळेल म्हणून तिथे जाणाऱ्याची निराशाच होईल.

तरीही ‘सेपियन्स’चे लेखक युवाल नोआ हरारी आपल्या लेखनाचे मोठे श्रेय विपश्यनेतून मिळालेल्या एकाग्रतेला देतात. ‘होमो डेऊस’ हे पुस्तक त्यांनी गोएंकांनाच अर्पण केले आहे. लिखाण सुचण्याआधी मनाला काही काळ रिकामे राहता आले पाहिजे, एवढा अर्थ यातून नक्की घेता येतो. मात्र असे शिबिर हा कुणाच्याही आजारावरचा उपाय नाही. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावे आणि शिबिराच्या अर्जातही तशी माहिती द्यावी.

दुसरे उदाहरण रोजच्या जगण्यात बसणारे आहे. स्वारगेटहून सांगलीच्या दिशेने गेले की कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव लागते. सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावात 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, मुले वह्या-पुस्तके घेऊन बसतात. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की बंदी उठते. करोनाच्या काळात अभ्यासासाठी हातात आलेला मोबाईल शाळा सुरू झाल्यावरही मुलांच्या हातून सुटेना, तेव्हा गावाने हा मार्ग काढला. गावातल्या महिलांशी बोलून सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. सुरुवातीला घरोघरी फिरून लोकांना समजवावे लागले.

वडगावची खरी शक्ती त्या भोंग्यात नाही, सगळ्यांनी एकाच वेळी थांबण्यात आहे. मित्रही ऑनलाइन नाहीत म्हटल्यावर काही चुकल्याची हुरहूर राहत नाही आणि आईवडिलांच्या हातातही मोबाईल नसतो.

टेबलावरचा नियम

स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला इंटरनेट पूर्ण सोडणे शक्य नाही. नोट्स टेलिग्रामवर येतात, व्याख्याने यूट्यूबवर असतात, आयोगाच्या सूचना संकेतस्थळावर. म्हणून सुटी घ्यायची ती लिहिण्याच्या वेळेपुरती. खोलीतल्या तिघाचौघांनी मिळून रोजचा दीड तास ठरवावा. सगळ्यांचे मोबाईल बंद करून एका पिशवीत घालावेत आणि पिशवी खोलीबाहेर, शक्यतो कुलपात ठेवावी. घरच्यांना ती वेळ सांगून ठेवावी. वेळ मोबाईलवर नव्हे, साध्या घड्याळावर पाहावी.

लिहिताना एखादे कलम किंवा साल आठवले नाही, तर लगेच शोधू नये. जागा मोकळी सोडून पुढे जावे आणि दीड तास संपल्यावर ती भरावी. यामागेही शास्त्र आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. आठवड्याने पहिल्या गटाला त्यातले 40 टक्के आठवले, दुसऱ्याला 61 टक्के. आठवण्यासाठी केलेली धडपड हाच अभ्यास असतो. बोटाच्या टोकाशी उत्तर असले की ती धडपड होतच नाही.

पहिले काही दिवस हात सवयीने खिशाकडे जाईल, कंटाळा येईल, पान अर्धेच भरेल. तेव्हा वेळ वाढवण्याची घाई करू नये. ठरलेली वेळ मात्र चुकवू नये. आठवड्याने जुने पान काढून नव्या पानाशेजारी ठेवावे.

परीक्षेच्या दिवशी मोबाईल केंद्राबाहेरच ठेवावा लागतो. त्या तीन तासांत सोबत असतात फक्त पेन, कोरी उत्तरपत्रिका आणि आपल्याला आठवते तेवढे. त्या तीन तासांची सवय रोजच्या दीड तासात लावून घेता येते.