दोन हात आणि मेंदूचे दोन अर्ध

मेंदूचा उजवा अर्ध डावा हात चालवतो आणि डावा अर्ध उजवा हात चालवतो, एवढे शाळेच्या पुस्तकातून आपणा सर्वांना ठाऊक झालेले असते. परंतु हे दोन अर्ध आपापला हात एकाच रीतीने चालवतात की निरनिराळ्या, असे कोणी विचारले, तर उत्तर तितके सोपे राहत नाही. हा प्रश्न केवळ कुतूहलाचाही नाही. अर्धांगवायूच्या रोग्याने कोणत्या हाताचा व्यायाम करावा, आणि अपघातात हात गमावलेल्या माणसाला दुसऱ्याचा हात जोडला तर तो त्याच्या हुकमात येईल काय, या गोष्टी त्याच्या उत्तराशी निगडित आहेत.

प्रथम मेंदूपासून हातापर्यंतची वाट पाहू. एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत रेघ ओढली, तर तिच्याखाली स्थूलमानाने मेंदूची ती पट्टी येते, जिथून हालचालींचे हुकूम सुटतात. १८७० मध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या जर्मन वैद्यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य विजेचा स्पर्श करून विरुद्ध बाजूचे स्नायू हलतात हे दाखवले. १९३७ मध्ये माँट्रियल येथे पेनफील्ड आणि बोल्ड्री यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रोग्यांच्या मेंदूवर हीच पाहणी केली. त्या नकाशात हाताचा आणि बोटांचा मुलूख चांगलाच मोठा निघाला. संपूर्ण धडाला मात्र लहानसा तुकडा. जिथे काम नाजूक, तिथे मेंदूची जागा अधिक, असा हा हिशेब आहे. या पट्टीतून निघालेले बहुतेक तंतू कवटीच्या तळाशी बाजू बदलतात. थोडे तंतू मात्र बाजू न बदलता खाली उतरतात.

आता दोन्ही अर्धांची कामे पाहू. १९०५ च्या सुमारास ह्यूगो लीपमान या जर्मन वैद्याच्या ध्यानात आले की, मेंदूच्या डाव्या अर्धाला इजा झालेल्या काही रोग्यांचा डावा हात, म्हणजे न लुळावलेला हातही, नमस्कार करून दाखवणे किंवा हातोडी चालवण्याचा अभिनय करणे अशा साध्या कृतींत चुकतो. यावरून कुशल हालचालींची आखणी, दोन्ही हातांसाठीसुद्धा, बहुतेक उजखोऱ्या माणसांत मुख्यतः डाव्या अर्धात होते असे अनुमान निघाले. मग उजव्या अर्धाला केवळ हुकमाचा ताबेदार समजायचे काय? अमेरिकेतील रॉबर्ट सेनबर्ग या शास्त्रज्ञाने गेल्या पंचवीसेक वर्षांत मांडलेले मत तसे नाही. त्याच्या मते उजखोऱ्या माणसात डावा अर्ध हालचालीचा मार्ग आधी हिशेब करून आखण्यात तरबेज असतो, तर उजवा अर्ध हात एका जागी स्थिर ठेवण्यात आणि अनपेक्षित धक्का सोसण्यात.

याचा पडताळा पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. दहिसरहून चर्चगेटकडे निघालेल्या गाडीत उभा असलेला उजखोरा प्रवासी पाहा. डाव्या हाताने तो वरची कडी धरतो, उजव्या हाताने वर्तमानपत्राची घडी उलगडतो किंवा मोबाइलवर अक्षरे टिपतो. स्वयंपाकघरात खलबत्ता घेतला की डावा हात खल सावरतो, उजवा बत्ता चालवतो. डावा हात येथे रिकामा नसतो. त्याचे काम वेगळे असते इतकेच. शिवाय एकाच माणसात सगळी कामे एकाच हाताकडे जातात असेही नाही. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करीत आणि लिहितात मात्र डाव्या हाताने, हे मुंबईकरांना सांगायला नको.

हातच गेला तर मेंदूतील त्याच्या मुलुखाचे काय होते? तो ओस पडत नाही. शेजारच्या दंडाच्या आणि उरलेल्या कोपराखालच्या स्नायूंचा मुलूख त्यात पसरतो. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्थानकात लोकलगाडी आणि फलाट यांच्यामधील फटीत पडून एका विद्यार्थिनीचे दोन्ही हात गेले. साडेसहा वर्षांनी, २०२० च्या ऑगस्टमध्ये, परळच्या ग्लोबल रुग्णालयात तिला दोन्ही हात जोडण्यात आले. ते चेन्नईतील एका मृत तरुणाचे होते आणि विमानाने आणले गेले होते. भारतात असे दोन्ही हातांचे पहिले रोपण त्यापूर्वी २०१५ मध्ये कोचीला झाले होते.

जोडलेला हात चटकन कामाला लागत नाही, याचे कारण समजून घ्यावे. बोटे मिटण्या-उघडण्याचे दणकट स्नायू कोपराखालच्या भागात असतात. सुई धरणे, बटण लावणे यांसारख्या नाजूक कामांचे छोटे स्नायू तळहातात असतात, आणि ते दात्याचे असतात. तिथवर रोग्याचे मज्जातंतू नव्याने वाढत जावे लागतात, आणि त्यांची वाढ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. त्यानंतरही मेंदूने त्या स्नायूंना आपल्या नकाशात जागा द्यावी लागते.

ही जागा केव्हा मिळते, हे फ्रान्समधील लिआँ शहरात दोन्ही हात जोडलेल्या एका रोग्यात पाहण्यात आले. १९८५ पासून उपलब्ध असलेल्या पद्धतीने, डोक्यावर तारेचे वेटोळे धरून क्षणिक चुंबकीय क्षेत्राने मेंदूची ती जागा चेतवायची आणि कोणता स्नायू आखडतो ते नोंदायचे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत डाव्या हाताच्या नव्या स्नायूंना मेंदूत १० महिन्यांनी जागा मिळाली, उजव्या हाताच्या स्नायूंना २६ महिन्यांनी. जागा मिळू लागली तसे दंडाचे आणि कोपराखालचे स्नायू आपल्या मूळ मुलुखाकडे मागे सरले. एका माणसावरून सर्वांसाठी नियम बांधता येत नाही. तरीही दोन्ही अर्ध सारख्या वेगाने पूर्ववत होतीलच असे नाही, आणि वर्षांनंतरही हरवलेल्या हाताची जागा परत मिळू शकते, एवढे यातून उघड होते.

यातून घरच्या माणसांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात, असे आम्हांस वाटते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली असेल, तर डावा हात 'चांगला' आहे म्हणून त्याला विसरू नये. त्याच्याही हालचालींत सूक्ष्म अडखळ असू शकते, आणि वैद्याच्या सल्ल्याने त्यालाही शिकवावे लागते. दुसरी गोष्ट, जोडलेला किंवा लुळावलेला हात दोन महिन्यांत हलला नाही म्हणून व्यायाम सोडू नये, आणि एक हात मागे राहिला म्हणून रोग्याला आळशी म्हणू नये. मेंदू जागा सोडतो तशी परतही देतो. मात्र त्याला महिने लागतात, कधी वर्षेही. तेवढा काळ रोज व्यायाम करवून घेणारे माणूस घरात असावे लागते. आणि असा हात मुळात मिळायचा, तर मेंदू मृत झालेल्या आपल्या माणसाचे हात देण्यास एखाद्या कुटुंबाने दुःखाच्या त्या घडीत होकार द्यावा लागतो. तो विचार घरोघरी आधीच झालेला असावा.