एका बटणापायी कीबोर्ड भंगारात? आकड्यांचा पॅड घरीही बनतो. पण सीएनसी मशीन घेण्याआधी हे वाचा

नारायणगाव : टोमॅटोचा हंगाम लागला की उपबाजारात बिलं करणाऱ्याची बोटं दिवसभर कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातच असतात. आकडे, एन्टर, परत आकडे. धूळ आणि घामानं पहिलं बटण मरतं तेही तिथलंच. बाकीची शंभरेक बटणं धडधाकट असतात, तरी अख्खा कीबोर्ड भंगारात जातो.

याला उपाय म्हणजे फक्त आकड्यांचा वेगळा पॅड, ज्यातलं खराब बटण तेवढं बदलता येतं. सुटे स्विच, त्यांच्या टोप्या आणि छोटा कंट्रोलर बोर्ड ऑनलाइन मिळतो. आपल्याला हव्या त्या मांडणीची मिळत नाही ती स्विच धरून ठेवणारी प्लेट. ती छोट्या सीएनसी मशीनवर घरी कापता येते.

चाकणला कंपनीत जाणाऱ्या पोरांनी व्हीएमसी पाहिलेलं असतं. हे त्याचं टेबलावर मावणारं धाकटं भावंड. कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रावरून ते फिरत्या बिटनं मटेरियल कापतं. हौशी लोकांत ‘३०१८’ नावाचं मशीन जास्त चालतं. नावातच माप आहे : ३०० बाय १८० मिलिमीटर. मोठा कीबोर्ड त्यात बसत नाही, पण १६ बटणांचा पॅड आरामात बसतो.

सगळा खेळ मापाचा

नेहमीच्या मेकॅनिकल स्विचला १४ बाय १४ मिमीचं चौकोनी भोक लागतं. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत १९.०५ मिमी अंतर आणि प्लेटची जाडी १.५ मिमी. जाडी जास्त झाली तर स्विचची खिट्टी अडकत नाही. भोक पाव मिमीनं मोठं झालं तरी बटण खडखडतं.

म्हणून एकदम १६ भोकं पाडायला बसू नये. टाकाऊ तुकड्यावर एकच भोक कापावं, व्हर्निअरनं मोजावं, स्विच बसवून बघावा आणि फरक असेल तर चित्रात दुरुस्त करावा. हा अर्धा तास वाचवायला जाणाऱ्यांची अख्खी शीट वाया जाते. बिट गोल फिरतो, त्यामुळे आतला कोपरा पूर्ण काटकोनात येत नाही. १ मिमीच्या बिटनं अर्ध्या मिमीची गोलाई राहते. स्विच अडलाच तर बारीक कानस फिरवावी.

पहिल्यांदा ॲक्रिलिक घ्यावं. बिट जोरात फिरतोय आणि पुढे सरकतोय हळू, असं झालं की ॲक्रिलिक वितळून गुळाच्या पाकासारखं बिटला चिकटतं. ॲल्युमिनियमही कापता येतं, पण एका फेरीत जेमतेम ०.१ मिमी, घाई केली की बिट तुटला. बटणाच्या टोप्या मात्र विकतच घ्याव्यात. त्यांच्या आतली फुलीची खाच एवढ्याशा मशीनला झेपणारी नाही.

डोळ्याला गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच. हातमोजे मात्र घालू नयेत. फिरत्या बिटमध्ये मोजा अडकला तर बोटही ओढलं जातं.

आणि लाईट! काम अर्ध्यावर असताना लाईट गेली की मशीन आपली जागा विसरतं. परत शून्य अचूक लावलं नाही तर पुढची भोकं सरकतात. इन्व्हर्टर नसेल तर मोठं काम लावूच नये.

वायरिंग त्या मानानं सोपं. चार आडव्या, चार उभ्या ओळी, म्हणजे १६ बटणांना आठच वायरी. प्रत्येक बटणाला एक डायोड. ‘क्यूएमके’ हे फुकट सॉफ्टवेअर बोर्डात टाकलं की कुठल्या बटणानं काय उमटायचं ते आपण ठरवायचं. दोन शून्यं एकदम टाकणारं बटण हिशेबवाल्यांना विशेष कामाचं.

आधी पाबळ, मग खरेदी

साधा आकड्यांचा पॅड दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. एका पॅडसाठी हजारोंचं मशीन घेणं म्हणजे शुद्ध तोटा. नावाच्या पाट्या, सर्किट बोर्ड, भजनी मंडळाच्या पेटीची तुटलेली लाकडी पट्टी अशी बारीकसारीक कामं गावात मिळणार असतील तरच ते पोसतं.

हा अंदाज घ्यायला जागा लांब नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, ही तिथली पद्धत. शाळेत नापास झालेली किंवा शाळा सुटलेली मुलंही तिथं वेल्डिंगपासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत शिकली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या साथीनं तिथं फॅब लॅब उभी राहिली. कॉम्प्युटरवर चित्र काढून मशीनवर वस्तू बनवायची अशी ही कार्यशाळा, आणि जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक आहे.

जाण्याआधी भेटीची आणि प्रशिक्षणाची वेळ विचारून घ्यावी. सोबत एक सुटा स्विच न्यावा आणि प्लेटचं चित्र पेन ड्राइव्हमध्ये. ‘इंकस्केप’ किंवा ‘फ्रीकॅड’ या फुकट सॉफ्टवेअरवर ते घरीच काढून ठेवता येतं, मशीन नसलं तरी.