जुन्या फिरत्या घराला नवे इंजिन

विषय जाहीर झाल्यापासून दोन-तीन गृहस्थांनी मला वाटेत गाठून एकच प्रश्न विचारला, “किती हॉर्सपॉवरचे इंजिन टाकावे?” तिघांच्याही मनात एकच चित्र होते. शेडमध्ये धूळ खात पडलेली वडिलांची जुनी मॅटाडोर बाहेर काढावी, आत दोन बाके, एक ओटा आणि पाण्याची टाकी बसवावी, आणि कुटुंबासह ताम्हिणी उतरून कोकणात मुक्कामाला जावे. हौस चांगली आहे. मात्र प्रश्न चुकीच्या टोकाने विचारला जातो आहे असे मला वाटते, आणि आजचे बोलणे सारे त्याबद्दलच आहे.

प्रथम या गाडीचे कुळ पाहू. आपण कोणत्याही लहान मालगाडीला ‘टेम्पो’ म्हणतो, पण तो मुळात हांबुर्गच्या एका कारखान्याचा छाप होता. त्या कारखान्याशी करार करून 1958 साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि पुढे तिचा कारखाना आकुर्डीस आला. 1969 च्या सुमारास तिथून डिझेलवर चालणारी मॅटाडोर निघू लागली. लग्नाचे वऱ्हाड, दुधाच्या किटल्या, शाळेची पोरे, सारे काही हिने वाहिले. जर्मनीत तर याच गाडीवर फिरती घरे बांधली गेली. तेव्हा मुळशीतल्या शेडमध्ये मॅटाडोरचे घर करणे ही कल्पना विलक्षण मुळीच नाही. 1982 साली डायम्लर-बेंझशी करार होऊन ओएम 616 हे 2.4 लिटरचे, चार सिलिंडरचे डिझेल इंजिन इथे बनू लागले, आणि मॅटाडोरखेरीज ट्रॅक्स व ट्रॅव्हलर या गाड्यांतही त्याच घराण्याची इंजिने चालली. कंपनीचे नाव 2005 साली फोर्स मोटर्स झाले.

या गाडीची एक खोड ध्यानात ठेवावी लागते. हिचे इंजिनही पुढे आणि ओढणारी चाकेही पुढचीच. इंजिन, गिअरपेटी आणि डिफरन्शियल ही तिन्ही एका गाठोड्यात बांधलेली असतात. मागे लांब शाफ्ट जात नाही, म्हणून तळ सखल राहतो आणि आत माणसाला ताठ उभे राहता येते. घर करायला ही गोष्ट सोन्यासारखी आहे, पण इंजिन बदलताना तीच आडवी येते. जीपमध्ये परके इंजिन बसवायचे तर मधे एक पट्टी कापून, एक तबकडी लेथवर काढून भागते. इथे नव्या इंजिनाचे तोंड जुन्या गिअरपेटीला तंतोतंत जुळले पाहिजे, त्याची उंची दोन आसनांमधल्या पेटाऱ्यात मावली पाहिजे, आणि त्याचा पीळ पुढच्या दोन लहान शाफ्टांना सोसला पाहिजे.

आता अश्वशक्तीचा हिशेब मांडू. शाळेतल्या गणितापलीकडे त्यात काही नाही. घर बांधून झाले, पाणी भरले, माणसे बसली की गाडी अडीच टनांची धरा. बारा मीटर चालल्यावर एक मीटर उंची चढेल अशा चढावर नुसत्या उंचीपायी सुमारे 208 किलोंची ओढ लागते आणि टायरांच्या घर्षणापायी आणखी 37, म्हणजे एकूण 245 किलो. सेकंदाला 75 किलो एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. ताशी 30 किलोमीटरला चाकांशी 27 अश्वशक्ती लागतात. गिअरांत वाया जाणारी धरली तर इंजिनाकडून 32. ताशी 40 ने चढायचे तर 43. मुळशीचा परिसर समुद्रापासून सुमारे सहाशे मीटर उंच असल्यामुळे हवा थोडी विरळ आहे, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती शंभर मीटरला साधारण एक टक्का घटते. ती सहा टक्क्यांची सूट दिली तरी पन्नास अश्वशक्तींच्या आत काम भागते. ओएम 616 हे साठ-सत्तरच्या दरम्यानचे इंजिन आहे. शंभर-सव्वाशे अश्वशक्तींचे आधुनिक इंजिन घेतले तर त्यातली निम्मी शक्ती या वळणांच्या रस्त्यावर वापरायलाच मिळत नाही.

खरी अडचण उतरताना असते. मुळशी धरणाचे पाणी 1927 पासून सह्याद्रीवरून भिऱ्याच्या वीजघरात पडते आणि त्या पडण्याची वीज होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपली गाडीही त्याच सह्याद्रीवरून उतरते. अडीच टन वजन पाचशे मीटर खाली आले म्हणजे सुमारे साडेतीन युनिट शक्ती मोकळी होते. तीन बादल्या गार पाण्याला उकळी फुटावी इतकी ती उष्णता आहे. काही भाग टायर आणि वारा खातात. उरलेली एकतर इंजिनाने आवरून धरायची, नाहीतर ब्रेकांनी. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, असे जुने ड्रायव्हर सांगतात ते याचसाठी. नवे इंजिन जुन्या गिअरांशी विजोड असेल तर उतारावर इंजिनाची पकड मिळत नाही, सारा भार ब्रेकांवर पडतो, आणि ब्रेक तापून पाय पोकळ जाऊ लागतो. मागे आपली मुले झोपलेली असतात, हे त्या वेळी आठवून उपयोग नाही.

पेट्रोलची गाडी डिझेलवर नेणारांनी आणखी एक गोष्ट तपासावी. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, तिच्यामुळे निर्वात तयार होतो, आणि ब्रेकांना जोर देणारा डबा त्यावर चालतो. डिझेलला हवेची वाट मोकळी असते, म्हणून निर्वातासाठी वेगळा पंप लागतो. तो बसवायला विसरलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. ब्रेक लागतात, पण दगडावर पाय दिल्यासारखे.

माझीच फजिती सांगतो. तरुणपणी मी एका जीपमध्ये असेच पेट्रोल काढून भारी डिझेल इंजिन घातले. 1973 नंतर तेल महागले आणि तशी लाटच आली होती. इंजिन उत्तम होते, पण मूळच्यापेक्षा जड. महिन्याभरात पुढचे पाटे बसले आणि स्टिअरिंग हाताला जड झाले. रेडिएटर मात्र मी जुनाच ठेवला होता. चढावर गाडी हळू, म्हणजे वारा कमी. इंजिन पूर्ण जोरात, म्हणजे उष्णता जास्त. डिझेलमधल्या शक्तीचा जेमतेम तिसरा हिस्सा कामाला येतो, बाकीची धुराड्यातून आणि पाण्यातून बाहेर काढावी लागते. घाटात चार वेळा थांबून ओढ्याचे पाणी ओतले. दोष इंजिनाचा नव्हता. मी अश्वशक्ती मोजली आणि वजन व पाणी मोजायचे राहिले.

मॅटाडोरमध्ये वजनाचे गणित थोडे उलटे आहे. ओढणारी चाके पुढची, आणि चढावर भार मागे सरकतो. पाण्याची टाकी, पलंग, गॅसची टाकी सारे मागच्या दाराशी ठेवले, तर ताम्हिणीच्या पावसात ओल्या चढावर पुढची चाके जागीच फिरू लागतात. तेव्हा हलके इंजिन म्हणजे चांगले, हेही इथे खरे नाही. टाकी आसनांच्या पाठीशी घ्या.

एका श्रोत्याने विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाचे सुचवले. ते दणकट असते, दुरुस्तीही गावात होते, पण ते एका ठरावीक वेगाने फिरण्यासाठी बांधलेले असते. गाडीचे इंजिन क्षणात चढावे आणि क्षणात उतरावे लागते. पंपाचे पंपालाच राहू द्यावे.

माझा कल असा. आधी मूळचे इंजिन उघडून पाहावे. बोअर, पिस्टन-रिंगा, हेड, नोझल आणि पंपाचे कॅलिब्रेशन एवढ्याने पुष्कळ इंजिने पुन्हा उभी राहतात. ब्लॉकच तडकला असेल तर नंतरच्या काळातल्या मॅटाडोरमधले ओएम 616 शोधावे, आणि इंजिन, गिअरपेटी, माउंटिंग व रेडिएटर एकाच गाडीतून उचलावेत. चालू इंजिन घेताना ते आधी गार आहे ना, हे हात लावून पाहावे, कारण विकणारा ते तापवून ठेवतो. सुरू झाल्यावर तेलाचे झाकण काढावे. तिथून धापा टाकल्यासारखा वाफारा येत असेल तर रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि गरम झाल्यावरही पांढरा टिकला तर नोझल किंवा हेड गॅसकेट. संगणकाने चालणारी नवी कॉमन-रेल इंजिने गुणांनी सरस आहेत, हे मान्य. पण त्यांच्याबरोबर सेन्सरांचे सारे जाळे आणावे लागते, आणि पावसात निव्याजवळ ते रुसले तर पान्हा घेऊन धावून येणाऱ्या मिस्त्रीचा काही उपयोग होत नाही.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम असे की, नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे, आणि नव्या इंजिनाचा क्रमांक व खरेदीची पावती जपून ठेवावी. माल किंवा प्रवासी वाहतुकीची गाडी राहण्याचे घर करणे हाही बदलच आहे. शिवाय 2021 साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी सुरू केली. तीत अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. त्या गाड्या रोजच्या वापरासाठीही नसतात, प्रदर्शने आणि मिरवणुकांसाठी असतात. म्हणजे जी मॅटाडोर ठेवा म्हणून जपायची तिचे इंजिन बदलू नये, आणि जिच्यातून हिंडायचे तिने त्या पाटीचा नाद सोडावा. ही निवड पान्हा हातात घेण्यापूर्वी करायची असते.

काम पुरे झाल्यावर पहिली फेरी सामान न भरता पौडपासून मुळशीपर्यंत करावी. दुसरी टाक्या भरून, ताम्हिणी उतरून विळ्यापर्यंत. खाली पोचल्यावर चहाआधी चारी चाकांच्या तुंब्यांजवळ हात न्यावा. एखाद्याची धग हात धरू देत नसेल तर चूक चढावर नव्हे, उतारावर झाली आहे. गाडी निवली की मग परतीच्या चढावर तापमानाच्या काट्याकडे पाहत यावे.