परदेशात अडकलेल्या माणसाचं तिकीट कोण काढतं?

पासपोर्टच्या अर्जात एक प्रश्न असतो. आपल्यापैकी बहुतेक जण तो धड न वाचताच 'नाही' लिहून पुढे जातात. तुम्ही कधी इमर्जन्सी सर्टिफिकेटवर भारतात परतला आहात का, किंवा तुम्हाला परदेशातून हद्दपार केलं अथवा मायदेशी परत आणलं गेलं आहे का, असा त्याचा आशय. दुबईला निघालेला माझा एक माजी विद्यार्थी याच ओळीवर अडला आणि आईला घेऊन स्टाफरूममध्ये आला. आई आपल्याकडच्या घराघरांत असते तशी, मराठीत सुरुवात करून कन्नडमध्ये संपवणारी. "तिकडं काय झालंच, तर रोक्का यार कोडतार री सर?"

राज्यशास्त्राच्या पुस्तकात परराष्ट्र धोरणावर पानंच्या पानं असतात, पण या माउलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडत नाही. ते शोधायचं तर आधी कायदा पाहावा लागतो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या सहाव्या कलमात एक अट आहे. सरकारनं तुम्हाला परत आणलं आणि तो खर्च तुम्ही फेडला नाही, तर नवा पासपोर्ट नाकारता येतो. म्हणजे कायद्याच्या लेखी ही मदत नव्हे, उसनवारी!

व्यवहार मात्र पुष्कळदा कायद्यापेक्षा उदार राहिला आहे. १९९० मध्ये इराकनं कुवेत गिळंकृत केलं, तेव्हा सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना मायदेशी आणलं गेलं. त्यात गोवेकर होते, मंगळूरकडचे होते, केरळचे तर होतेच. बहुतेकांचा प्रवास जॉर्डनची राजधानी अम्मानमार्गे झाला आणि एअर इंडियाची विमानं दोन महिने फेऱ्या मारत राहिली. २०१६ च्या हिंदी चित्रपटानं सगळं श्रेय एका नायकाच्या पदरात टाकलं. पडद्यावर ते शोभतं, पण अम्मानमध्ये याद्या करत बसलेल्या कारकुनांचं काम तिथं दिसत नाही.

अशा मोठ्या मोहिमांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात. एकट्यादुकट्याचं संकट मात्र बातमीत येत नाही. मालकानं पासपोर्ट काढून घेतलेला, पगार थकलेला, किंवा मस्कतच्या इस्पितळात वारलेला आणि पार्थिव आणायला घरी पैसे नाहीत, असा माणूस. त्याच्यासाठी २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी सुरू झाला. गंमत अशी, की हा पैसा मुख्यतः परदेशस्थ भारतीयांच्याच खिशातून येतो. वकिलातीत पासपोर्ट किंवा इतर कागदपत्रांसाठी अर्ज करताना फीवर थोडी जादा रक्कम घेतली जाते. अमेरिकेत ती दोन-तीन डॉलरच्या घरातली. थेंबे थेंबे तळे साचते, ते असं. २०१७ च्या सप्टेंबरपासून या निधीचे नियम अधिक सैल झाले. तात्पुरता निवारा, परतीचं तिकीट, वैद्यकीय उपचार, वकिलाची फी, किरकोळ दंड, पार्थिव आणण्याचा खर्च, हे सगळं त्यात बसतं. मात्र अर्जदाराची ऐपत पाहिली जाते. लिबिया, इराक, येमेन इथल्या सुटकांनाही या निधीचा हातभार लागला आहे.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. 'राजनैतिक व वाणिज्यदूत सेवेतील आकस्मिक खर्च' अशा नावाचं एक स्वतंत्र खातंच त्यांच्या परराष्ट्र विभागाच्या अंदाजपत्रकात असतं. त्यातून संकटग्रस्त नागरिकांना हलवलं जातं, परदेशी पाहुण्यांची सरबराई होते आणि दहशतवाद्यांची माहिती देणाऱ्यांना बक्षिसंही दिली जातात. २०१२ मध्ये हाफिज सईदसाठी एक कोटी डॉलरपर्यंतचं इनाम जाहीर झालं, ते याच बक्षीस योजनेखाली. पण सुटका झालेल्या सामान्य अमेरिकन माणसाकडून साधारणपणे वचनचिठ्ठीवर सही घेतात आणि तिकिटाचे पैसे नंतर वसूल करतात. २०२१ मध्ये काबूलच्या वेळी मात्र ही वसुली सोडून देण्यात आली.

आपल्याकडेही दर वेळी एकच न्याय लागलेला नाही. २०२० च्या मे महिन्यात 'वंदे भारत' मोहीम सुरू झाली, तेव्हा प्रवाशांनी तिकिटाचे पैसे स्वतः मोजले. २०२२ मध्ये युक्रेनमधून विद्यार्थी आणले, तेव्हा 'ऑपरेशन गंगा'चा सारा खर्च केंद्र सरकारनं केला. टाळेबंदीत नोकरी गेलेल्या आखाती मजुराला तिकीट आणि वैद्यकीय शिक्षणासाठी लाखो रुपये भरलेल्या घरच्या मुलाला फुकट विमान, हे मला आजही पटत नाही. खारकीव्हमध्ये आपल्या शेजारच्या हावेरी जिल्ह्यातला विद्यार्थी बळी पडला, त्यामुळे त्या दिवसांत असा प्रश्न काढणंही क्रूर वाटलं असतं, हे खरं. पण तो काढायला हवा.

एप्रिल २०२३ मध्ये सुदान पेटलं, तेव्हा कर्नाटकातले हक्की-पिक्की तिथं अडकले होते. झाडपाल्याची औषधं आणि केसांचं तेल विकत ही भटकी माणसं थेट आफ्रिकेपर्यंत जातात. इकडे विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे त्यांच्यावरून सिद्धरामय्या आणि परराष्ट्रमंत्री जयशंकर यांच्यात चांगलीच जुंपली. पुढे 'ऑपरेशन कावेरी'त पोर्ट सुदानहून जेद्दा आणि तिथून भारत अशा मार्गानं सुमारे ३,८०० जण परतले, त्यांत हक्की-पिक्कीही होते.

त्या आईला मी एवढंच सांगितलं, की मुलगा दहावी पास नसता, तर प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी घेतल्याशिवाय त्याला आखातात जाताच आलं नसतं. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास भरपाई दहा लाख. शिकलेल्या मुलांवर ती सक्ती नाही, म्हणून बहुतेक जण कसलाच विमा न काढता विमानात बसतात. पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीचा करार यांच्या झेरॉक्स प्रती घरी ठेवा, असंही सांगितलं. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर घरच्या माणसालाही तक्रार नोंदवता येते आणि तिथं पहिल्यांदा पासपोर्टचा तपशीलच विचारतात.